आधी पाठ, मग तोंड

लष्करी डायव्हर घड्याळ हातात आलं की मुरलेला संग्राहक ते आधी पालथं घालतो. लंडनमधल्या अशाच एकाच्या टेबलाशी मी बसलो होतो. समोर १९६७चं ओमेगा सीमास्टर ३००, ब्रिटिश नौदलाच्या डायव्हरांना दिलेलं. मागच्या झाकणावर ०५५२, म्हणजे नौदल; डब्ल्यू१० असतं तर भूदल. त्याखाली सरकारी मालाचा बाण, मग अनुक्रमांक आणि वर्ष. भिंगातून तो अंकांच्या कडा न्याहाळत होता. जुनं कोरीव काम वापरून बोथट होतं आणि ओरखडे त्याच्यावरून जातात. अक्षरांनीच ओरखडे कापले असतील, तर ती कालपरवा कोरलेली.

मग पट्ट्याच्या दांड्या. साध्या घड्याळात स्प्रिंगची पिन असते. ती पाण्याखाली निसटली की घड्याळ गेलं तळाला. म्हणून इथे दांड्या केसलाच पक्क्या जोडलेल्या. दोन तुकड्यांचा नेहमीचा पट्टा त्यात अडकवता येत नाही, अखंड नायलॉन ओवावं लागतं.

शेवटी डायल. वर्तुळातला ‘टी’ म्हणजे खुणांच्या चमकत्या रंगात ट्रिटियम. त्याचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास, त्यामुळे अंधारात आता काही दिसत नाही. अतिनील टॉर्च मारला की पिवळट ठिपके उजळतात आणि लगेच विझतात. काटे बराच वेळ हिरवे राहिले, तर रंग नवा. गायगर काउंटरही जवळच असतो: ट्रिटियमचे कण काच ओलांडत नाहीत, तेव्हा यंत्र कडकडू लागलं तर आत रेडियम आहे.

पण काटे बदललेले निघाले म्हणून लगेच नाक मुरडू नये. नौदलाला चालणारं घड्याळ हवं होतं; दुरुस्तीत हाताला आलेला भाग बसवला जाई. पुढे कुणी भिंग लावून बसेल याची त्यांना काय फिकीर! मला तर अशी सरमिसळच जास्त खरी वाटते. बाजाराला ती खपत नाही. १९७०च्या दशकातलं लष्करी रोलेक्स ५५१७ लिलावात कोटीच्या पुढे जातं, म्हणून साध्या ५५१३ला तलवारीसारखे रुंद काटे आणि साठही मिनिटांच्या खुणांची रिंग चढवून ‘लष्करी’ बनवणारे महाभाग आहेत.

ओमेगा त्याने ठेवून घेतलं. खोल समुद्रासाठी बनलेलं ते घड्याळ तो हात धुतानासुद्धा काढून ठेवतो.