पावली गेली, पट्टी आली

बदलापूरच्या खरवईत भातशेतीच्या जागी इमारती आल्या, तरी जमिनीचा हिशोब गुंठ्यातच चालतो. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून दहा गुंठे म्हणजे पाव एकर. हे व्यवहारात कुणाला शिकवावं लागत नाही. तेच नातं वहीत ‘दहा छेद चाळीस बरोबर एक छेद चार’ असं आलं की मूल अडखळतं. ही फारकत जुनी नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत रुपया सोळा आण्यांचा होता. चार आणे, पावली, पाव रुपया ही एकाच नाण्याची नावं; सममूल्य अपूर्णांक खिशातच खुळखुळत. पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची. पुढे पिकांच्या आणेवारीचीही पैसेवारी झाली, चार आणे जिभेवर राहिले, पण सोळाचा आधार सुटला. २०११ मध्ये पंचवीस पैशांचं नाणंही चलनातून गेलं.

मग अपूर्णांक शिकवायला चित्रं आणि कागदी पट्ट्या कशाला, पावकीच परत आणा, असं कुणी म्हणेल. पण ती घोकंपट्टी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड अशांपुरतीच पुरेशी होती. रुपयाचा तिसरा हिस्सा काढायचा तर पाच आणे चार पै! एक तृतीयांश आणि दोन षष्ठांश सारखेच, हे त्या पाठांतरातून दिसत नव्हतं. कागदाच्या पट्टीवर दिसतं: घड्या घालून तीन सारखे भाग करायचे, एक भाग रंगवायचा, मग पट्टी लांबीच्या दिशेनं मधोमध दुमडायची. तुकडे सहा झाले, रंगीत दोन झाले, रंग मात्र तसूभरही वाढला नाही. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर शिक्षकांच्या तोंडी कृतीयुक्त शिक्षण हा शब्द रुळला. माझ्या मते त्याचा खरा कस अशा घडीवरच लागतो.

दुसरा आक्षेप वेळेचा: अंश आणि छेदाला एकाच संख्येनं गुणा, दोन ओळींत काम होतं. होतं खरं, पण कारण न कळलेलं मूल दोन्हींत एकेक मिळवून अर्ध्याचे दोन तृतीयांशही करतं, आणि चूक त्याला बोचत नाही. पट्टी पाहिलेल्याला बोचते. अर्थात चित्रही फसवतं. तांदळाच्या मोठ्या भाकरीची चतकोर लहान भाकरीच्या अर्ध्याएवढी भरू शकते. म्हणून तुलना करायच्या दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या आहेत ना, हे आधी टोकं जुळवून, एकावर एक ठेवून पाहायचं.