क्योतोला एकटीने जाताना

परवा दवाखान्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय ६१, रक्तदाबाची गोळी चालू. म्हणाल्या, "डॉक्टर, जुलैत जपानला चाललेय. आठ दिवस क्योतोत एकटी, गिओन उत्सव पाहायला. मग महिनाभर टोकियोला मुलीकडे. घरचे घाबरलेत, एकटी बाई कशी फिरणार म्हणून!"

मी म्हटले, "आधी औषधांची पिशवी दाखवा."

पिशवीत रक्तदाबाच्या दोन महिन्यांच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या आणि खोकल्याची बाटली निघाली. खरी अडचण इथेच होती. आपल्याकडच्या सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत कोडीन किंवा सूडोएफेड्रिन असते. ठरावीक प्रमाणापेक्षा ते जास्त असेल, तर जपानमध्ये असे औषध नेता येत नाही. नेहमीची डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधेही स्वतःसाठी एक महिन्यापुरतीच सहज नेता येतात. जास्त हवी असतील तर निघण्यापूर्वीच जपान सरकारकडून परवानगी घ्यावी लागते. म्हणून गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी ठेवा व तिच्यावर औषधांची मूळ नावे लिहून घ्या.

दुसरी गोष्ट उन्हाची. क्योतो ही १८६८ पर्यंत हजारावर वर्षे जपानची राजधानी होती. शहराला तिन्ही बाजूंनी डोंगर आहेत. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये हवा कोंडते, दमटपणा वाढतो आणि पारा पस्तिशीच्या पुढे जातो. त्यात देवळांच्या पायऱ्या! फुशिमी इनारीचा डोंगर २३३ मीटर उंच आहे. तो सकाळी लवकर चढावा. संध्याकाळनंतर वर सामसूम होते.

डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही उष्माघाताची पूर्वसूचना समजावी. सोबत कोणी असले, तर आपला उतरलेला चेहरा पाहून तेच बसायला सांगतात. एकटीला हे स्वतःलाच ओळखावे लागते. तहान लागण्याआधी पाणी प्या. तिथले नळाचे पाणी पिण्यास योग्य असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. अशी गोळी असेल तर उन्हाळ्यातल्या प्रवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

शाकाहारी भगिनींनी आणखी एक लक्षात ठेवावे. साध्या दिसणाऱ्या सूपातही बहुधा माशाचा अर्क असतो. उपाशी राहू नका, विशेषतः मधुमेह असेल तर. शेंगदाणे, खजूर पर्समध्ये असू द्या. देवळांच्या परंपरेतले 'शोजिन र्योरी' हे शाकाहारी जेवणही क्योतोत मिळते.

रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक लिहून ठेवा. रस्ता चुकल्यास 'कोबान' म्हणजे पोलीस चौकीत जावे. तिथला दवाखान्याचा खर्च मोठा असतो, म्हणून प्रवास विमा काढाच. नाव, आजार, औषधे, रक्तगट आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये ठेवा. आपण बोलू शकलो नाही, तर ती आपल्यासाठी बोलेल.

बाईंनी खोकल्याची बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "आता घरच्यांना काय सांगू?"

"सांगा, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. आणि रोज रात्री एक फोन करा."