झिंगा आजारी, उपचार तळ्याला

धाराशिव जिल्ह्यात शेततळ्यात रोहू-कटल्याबरोबर गोड्या पाण्यातला झिंगा सोडायचा विषय निघाला, की रोगाबद्दलची ठरावीक वाक्यं कानावर येतात.

‘काळे डाग पडले, अँटिबायोटिक द्या.’ हा सगळ्यात महागडा गैरसमज. झिंग्याचं कवच कायटिनचं असतं आणि एरोमोनास, स्यूडोमोनास, व्हिब्रिओ यांसारखे जिवाणू ते पोखरतात. पण हे जिवाणू पाण्यात एरवीही असतातच. दाटी झाली, झिंगे आपसांत भांडले, ओढजाळीत नांगी मोडली, की त्यांना जखमेतून वाट मिळते. तळाशी कुजणारं खाद्य त्यांना पोसतं. आजारी झिंगा खाणं सोडतो, त्यामुळे खाद्यातलं औषध जातं धडधाकट झिंग्यांच्या पोटात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं तर मत्स्यपालनात बंदच आहेत. डाग वरवरचा असेल तर पुढच्या कातीबरोबर निघून जातो. मांसापर्यंत गेला असेल तर तो झिंगा बाहेर काढावा.

‘लस टोचता येईल.’ नाही. झिंग्याच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडं तयार होत नाहीत.

‘ब्लीचिंग पावडर टाका, सगळं साफ होतं.’ होतं, झिंग्यासकट! ती रिकाम्या तळ्यासाठी.

‘पिल्लांची शेपटी पांढरी पडली, म्हणजे जिवाणूंचा रोग झाला.’ गोड्या पाण्यातल्या झिंग्याचा शेपटी पांढरी पडण्याचा रोग विषाणूचा आहे. अँटिबायोटिक तिथे निरुपयोगी. उपाय एकच, तपासलेलं बीज.

काठाला तरंगताना दिसतो तो प्रत्येक वेळी मेलेला झिंगा नसतो. उचलून पाहा: पोकळ, पारदर्शक, आत मांस नाही, तर ती कात. मात्र कात टाकलेला झिंगा काही काळ मऊ असतो आणि बाकीचे त्याला खातात. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात लपायला जागा नसते, म्हणून पाइपचे तुकडे, जुनी जाळी टाकावी.

‘पाणी बदला’ हा पुस्तकी सल्ला बरोबर आहे, पण मे महिन्यात इथे बदलायला पाणी आणायचं कुठून? म्हणून बीज सुरुवातीलाच विरळ सोडावं, खाद्य ताटलीत ठेवून किती उरतं ते बघूनच पुढचं द्यावं, पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो तेव्हा एरेटर चालवावा.

तपासणीला नमुना द्यायचा तर रात्री मेलेला देऊ नये. मेलेल्या अंगात कुजवणारे जिवाणू भराभर वाढतात, मग खरा दोषी सापडत नाही. मरगळलेला, पण जिवंत झिंगा त्याच तळ्याच्या पाण्यात घालून द्यावा.