ठासणीची बंदूक आणि शंभर मीटरचा प्रश्न

नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि गजाने दोन्ही तळापर्यंत ठासायची. ठासणीच्या बंदुकीची ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सैन्यातून गेली. पण अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा बंदुकीने हरणाची शिकार करण्यासाठी आजही वेगळा मोसम राखून ठेवलेला असतो. मोसमापूर्वी शिकारी चांदमारीच्या मैदानावर जातात आणि एकच प्रश्न सोडवू पाहतात. पन्नास मीटरवर बरोबर लागणारी गोळी शंभर मीटरवर भरकटते का?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तरीही हा प्रश्न वर्गात आणण्याजोगा आहे. गती, हवेचा विरोध, परिवलन आणि मोजमापातील त्रुटी हे चारही धडे त्यात एकत्र येतात. शिवाय इथे चुकीची किंमत गुणांनी मोजली जात नाही. हरणाच्या छातीतील मर्मस्थान साधारण २० सेंटिमीटर व्यासाचे असते. गोळी त्याच्या बाहेर लागली तर जनावर जखमी होऊन रानात शिरते आणि तासन्‌तास तडफडते.

हवा किती अडवते?

सुमारे साडेबारा मिलिमीटर व्यासाची शिशाची गोल गोळी घेऊ. शिशाची घनता ११.३ धरली तर तिचे वस्तुमान साडेअकरा ग्रॅम येते. नळीतून ती सेकंदाला ५५० मीटर वेगाने सुटते असे मानू. अशा वेगाला गोलाचा रोधगुणांक ०.९५ च्या आसपास असतो. ही किंमत घालून गणित केले, तर सुटताक्षणी हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या दीडशे पटींहून अधिक येतो!

हे प्रथम मोजून दाखवले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. टांगलेल्या लाकडी लंबकावर गोळी झाडायची आणि लंबक किती मागे जातो यावरून तिचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. त्याचा ग्रंथ १७४२ साली प्रसिद्ध झाला. हवेचा विरोध नगण्य मानून तोफेच्या गोळ्याचा मार्ग अन्वस्त समजणाऱ्यांना तो मोठाच धक्का होता. १७४५ साली ऑयलरने त्याचा जर्मन अनुवाद केला आणि त्याला विस्तृत टिपा जोडल्या. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

या विरोधामुळे आपली गोळी शंभर मीटरवर पोहोचते तेव्हा तिचा वेग ५५० वरून ३१० च्या जवळपास आलेला असतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाहूनही कमी. गतिज ऊर्जा तर एक तृतीयांशच उरते. गोळी खाली किती येते तेही पाहा. हवा नसती तर ५० मीटरवर ४ सेंटिमीटर आणि १०० मीटरवर १६ सेंटिमीटर. अंतर दुप्पट, घसरण चौपट. हवेत मात्र हेच आकडे ५ आणि २५ होतात, म्हणजे घसरण पाचपट. बंदुकीची माशी ५० मीटरला जुळवलेली असेल, तर १०० मीटरवर गोळी नेमाच्या सुमारे १५ सेंटिमीटर खाली लागते आणि १५० मीटरवर अर्ध्या मीटरहूनही खाली.

वाऱ्याचे गणित

आडवा वारा गोळीला किती ढकलेल? वाऱ्याचा वेग गुणिले उड्डाणाचा काळ, असे उत्तर विद्यार्थी चटकन देतात. ते चूक आहे. हवेच्या विरोधामुळे गोळीला जो उशीर होतो, तेवढ्याच काळाने वाऱ्याचा वेग गुणायचा. आपल्या गोळीला १०० मीटर जायला सुमारे ०.२५ सेकंद लागतात. निर्वातात ०.१८ लागले असते. फरक साधारण ०.०७ सेकंदांचा. सेकंदाला ४ मीटर वेगाचा वारा, म्हणजे झाडाची पाने सतत हलती ठेवणारा वारा, गोळीला जवळजवळ २७ सेंटिमीटर बाजूला नेतो. ५० मीटरवर हेच विचलन जेमतेम ६ सेंटिमीटर असते. मर्मस्थानाची त्रिज्या १० सेंटिमीटर आहे हे लक्षात घेतले, तर पुढचे वेगळे सांगायला नको.

गोळी फिरवायची कशासाठी?

जुन्या गुळगुळीत नळीत गोळी सैल बसत असे. सुटताना ती नळीच्या भिंतीवर आपटत जाई आणि शेवटी जिथे घासे त्याप्रमाणे कशीही गिरकी घेत बाहेर पडे. फिरत्या गोलावर हवा आडवा रेटा देते. रॉबिन्सने एक नळी डावीकडे किंचित वाकवली आणि ओळीने लावलेल्या कागदी पडद्यांतून गोळी झाडली. गोळी सुरुवातीला डावीकडे गेली, पण पुढे वळून उजवीकडे आली! नळीच्या उजव्या भिंतीवर घासून मिळालेल्या गिरकीचा हा परिणाम. १८५२ साली माग्नुसने यावर प्रयोग केले, म्हणून याला माग्नुस परिणाम म्हणतात.

यावर उपाय म्हणजे नळीत आतून पाडलेले सर्पिल आटे. तेल किंवा चरबी लावलेल्या सुती चिंधीत गोळी गुंडाळून ठासली, की चिंधी आट्यांत घट्ट बसते आणि गोळीला हव्या त्याच अक्षाभोवती फिरवते. ४८ इंचांत, म्हणजे १.२२ मीटरमध्ये, एक वेढा असेल तर गोळी सेकंदाला ४५० फेरे घेते. गोल गोळीला एवढे पुरते. लांबट गोळी हवेत कोलांटी खाऊ पाहते, म्हणून तिला अधिक दाट वेढे लागतात. तेव्हा आटे एका जातीचे आणि गोळी दुसऱ्या जातीची असेल तर कितीही नेम धरून उपयोग नाही.

राखेचा त्रास

काळी दारू म्हणजे सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. ती जळल्यावर वस्तुमानाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपात राहतो. त्याचा काही अंश धुराबरोबर जातो, उरलेला नळीत चिकटतो. या काजळीत पोटॅशियमचे क्षार असतात. दमट हवेत ते ओल धरतात. प्रत्येक बारानंतर नळी बदलत जाते, घर्षण बदलते आणि गोळीचा आरंभवेगही बदलतो. वेगात ५ टक्के फरक पडला तर घसरणीत सुमारे १० टक्के पडतो. म्हणून जाणता नेमबाज दारू दर वेळी सारखी मोजतो, गजावर खूण करून गोळी तेवढीच खोल ठासतो आणि प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधीने नळी पुसतो. शिकारीत पहिलाच बार महत्त्वाचा असल्याने थंड, स्वच्छ नळीचा पहिला बार कुठे लागतो याची तो वेगळी नोंद ठेवतो.

दोन प्रकारच्या त्रुटी

पाच गोळ्या एकमेकींजवळ, पण मध्यापासून दूर लागल्या तर ती पद्धतशीर त्रुटी. माशी सरकवून ती दूर होते. गोळ्या मध्याभोवतीच, पण विखरून लागल्या तर ती यादृच्छिक त्रुटी. तिथे माशी सरकवणे व्यर्थ. दारू, चिंधी, ठासण्याचा दाब यांतील एका वेळी एकच गोष्ट बदलून कारण शोधावे लागते. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. तीन बारांवरून निष्कर्ष काढणेही घाईचे, कारण सरासरीतील अनिश्चितता बारांच्या संख्येच्या वर्गमूळानेच घटते. ती निम्मी करायची तर बार चौपट हवेत.

वर्गात बंदुकीची गरज नाही. कागदाची हलकी नळी करा आणि टेबलावर तिरप्या ठेवलेल्या फळीवरून घरंगळत खाली सोडा. कडेवरून सुटल्यावर ती पुढे न जाता मागे, टेबलाखाली वळते. हाच माग्नुस परिणाम. त्रुटींसाठी जमिनीवर खडूने वर्तुळ काढून दोन मीटरवरून आणि चार मीटरवरून वीस-वीस चिंचोके टाकायला सांगा. प्रत्येक चिंचोका कुठे पडला ते मोजून सरासरी स्थान आणि पसारा वेगवेगळा काढा.

एवढी काळजी घेऊनही वारा आणि घसरण यांचा अंदाज चुकतोच. म्हणून महिनाभराच्या सरावाचा खरा निष्कर्ष बहुधा एक अंतर असते. त्यापलीकडे आपला पसारा २० सेंटिमीटरमध्ये मावत नाही हे वहीतल्या नोंदीच सांगतात, आणि हरीण त्या अंतरापलीकडे उभे असेल तर चाप ओढायचा नसतो.