पागोटे खरेच लाल होते का?

१९०० च्या सुमाराचा, हाताने रंगवलेला मुंबईच्या रस्त्याचा फोटो पाहा. १८७४ साली सुरू झालेली घोड्यांची ट्राम, बैलगाड्या, लाल पागोटी! पण मूळ फोटो काळा-पांढराच होता. रंग नंतर कुंचल्याने भरले. त्या काळच्या साध्या फोटो-काचेवरील सिल्व्हर ब्रोमाइडवर मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशाचाच परिणाम होई. म्हणून लाल पागोटे आणि काळे पागोटे सारखेच काळपट उमटत. रंगवणाऱ्याने ते प्रत्यक्ष पाहिले नसेल, तर त्याला अंदाजच करावा लागे.

निळ्या जिलेटिन कागदातून लाल जास्वंद पाहा. ती काळपट दिसेल. तेव्हा अशा फोटोतील आकार प्रकाशाने काढला, रंग मात्र माणसाने भरला, हे ध्यानात ठेवा.