दिव्याखालचं लेट्यूस

2025 च्या फेब्रुवारीत डिक्सन डेस्पोमिए गेले. कोलंबिया विद्यापीठातले हे प्राध्यापक मूळचे परजीवीशास्त्राचे. उंच इमारतीत मजल्यावर मजला चढवून भाजीपाला पिकवायची कल्पना त्यांनी 1999 साली वर्गातल्या मुलांना हाताशी धरून मांडली आणि 2010 मध्ये पुस्तक लिहून जगभर नेली. पुढच्याच महिन्यात, त्या कल्पनेवर मोठी झालेली ‘प्लेंटी’ ही अमेरिकी कंपनी दिवाळखोरीचा अर्ज घेऊन कोर्टात उभी राहिली. ‘बावरी’ने नोव्हेंबर 2024 मध्येच टाळं लावलं होतं. त्याच्या तीन वर्षं आधी तिची किंमत 2.3 अब्ज डॉलर धरली गेली होती. ‘एरोफार्म्स’ 2023 मध्ये दिवाळखोरीत जाऊन कशीबशी बाहेर आली. बर्लिनच्या ‘इन्फार्म’ने 2022 च्या अखेरीस पाचशेच्या आसपास माणसं एका फटक्यात घरी पाठवली.

मातीविना, क्षार विरघळवलेल्या पाण्यावर झाडं वाढवायचं तंत्र यांतल्या कुणाचंच नव्हे. झाडाला कोणते क्षार लागतात हे सॅक्स आणि क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी 1860 च्या सुमारास लावून ठेवलं होतं. त्यानंतरची बरीच वर्षं प्रयोगशाळेतल्या बरण्यांत गेली, ती सोडून दिली तरी चालतील.

सोडता येत नाही ते कॅलिफोर्नियातलं भांडण. बर्कलीच्या विल्यम गेरिके यांनी टाक्यांत पंचवीस फुटी टोमॅटोचे वेल वाढवले, 1937 मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केलं आणि वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं. आता मातीचे दिवस भरले, असा एकूण सूर. विद्यापीठाने मग होगलंड आणि आर्नन यांना खरंखोटं तपासायला बसवलं. 1938 च्या त्यांच्या परिपत्रकाचा निष्कर्ष अगदी कोरडा होता: प्रकाश तेवढाच असेल तर चांगल्या जमिनीत येतं त्याहून वेगळं काही पाण्यात येत नाही. गेल्या दशकात लेट्यूसवर अब्जावधी ओतणाऱ्या किती जणांनी ही जुनी पानं उलटली असतील, कोण जाणे.

कारण 2014 ते 2024 हे दशक प्रकाश विकत घेण्याचंच होतं. एलईडी स्वस्त झाले, व्याजदर तळाला गेले, आणि गुंतवणूकदारांना सूर्य ही वगळता येण्याजोगी बाब वाटू लागली. सॉफ्टबँक या जपानी गुंतवणूक कंपनीच्या पुढाकाराने ‘प्लेंटी’त 2017 मध्ये वीस कोटी डॉलर आले, 2022 मध्ये आणखी चाळीस कोटी. प्रत्येक सादरीकरणात 2050 ची लोकसंख्या आणि 95 टक्के पाणीबचत ठरलेली. विजेच्या मीटरचा फोटो तेवढा नसायचा. खरं तर हिशेब लपलेला नव्हता. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्येच तो लेट्यूसपुरता मांडला होता: उत्पादन अकरा पट, पाणी तेरा पट कमी, ऊर्जा 82 पट. किलोमागे साधारण 25 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर अडीचशे रुपये नुसत्या ऊर्जेचे. बी, मजूर, जागेचं भाडं अजून बाकीच. आणि तो अभ्यास हरितगृहाचा, जिथे सूर्य निदान हजेरी तरी लावतो. बंद गोदामाची गोष्ट त्याच्याही पुढची.

आपल्याकडे ही लाट 2016-17 च्या सुमारास पोहोचली. गोव्यात म्हापशाजवळ ‘लेट्सेट्रा’, मुंबईत अंधेरीला ‘हर्बिव्होर फार्म्स’. माणसं मनापासून काम करणारी, पानं खरोखर ताजी. पण ताटात काय आलं? लेट्यूस, केल, बेसिल. श्रावणात कोथिंबिरीची जुडी हात लावू देत नाही, मेथी चिखलात सडते. तेव्हा ही स्वच्छ पांढरी पाइपांची शेती मंडईत दिसली नाही. ती कॅफेच्या मेन्यूकार्डावरच राहिली.

मग बाल्कन्यांत किट आले. पाइपला भोकं, भोकांत जाळीचे छोटे कप, कपात कोकोपीट नाही तर भाजलेल्या मातीच्या गोळ्या, तळाला बादलीत पंप. पाइपातून वाहणारा पाण्याचा पातळ थर मुळांना खाऊपिऊ घालतो. पुण्यात मे महिन्यात दुपारी वीज गेली की हा थर आटतो आणि संध्याकाळपर्यंत पानं माना टाकतात. वीज असली तरी बादलीतलं पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, पांढरी मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात. लेट्यूस तर उन्हाळा लागला की तुरा काढून कडू होतं. किट विकणाऱ्याने पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहा ठेवा एवढं सांगितलेलं असतं. मे महिन्याबद्दल तो बोलत नाही.

या गलबल्यात बिनपंपाच्या, बिनदिव्याच्या वाटा बुजल्या, त्याची हळहळ जास्त. कालिम्पाँगला 1946 च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी सरकारी प्रयोगक्षेत्रावर ‘बंगाल पद्धत’ बसवली होती: खडी-वाळूचे वाफे, वरून भुरभुरलेले कोरडे क्षार, झारीने पाणी. हवाई विद्यापीठाच्या क्रॅटकी यांची तर नुसती झाकणाची बादली. झाड पाणी पितं, पातळी उतरते, उघडी पडलेली मुळं हवेतून श्वास घेतात.

आणि चारा. फोंड्याजवळ कुर्टीला गोवा डेअरीत मातीविना चारा उगवायचं मोठं युनिट होतं. दुष्काळाच्या वर्षांत साताऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी तेच काम बांबू आणि शेडनेटवर आणलं. मका रात्रभर भिजवायचा, गोणपाटात मोड आणायचे, भोकांच्या ट्रेमध्ये पसरायचा, दिवसभर थोडंथोडं पाणी मारायचं. आठवड्यात मुळांची घट्ट चटई तयार होते. ती उचलायची, फाडायची आणि मुळांसकट गायीपुढे टाकायची. किलोभर मक्याचा पाच-सहा किलो चारा होतो म्हणून तेव्हा ढोल वाजले. वाढलेलं वजन पाण्याचं होतं. शुष्क पदार्थ उलट थोडा घटतोच. तरी हिरवं पानसुद्धा न दिसणाऱ्या गोठ्यात दुभत्या गायीला ते मोलाचं होतं, आणि त्यासाठी एकही एलईडी लागला नाही. या कामासाठी सॉफ्टबँक आली नाही, ते एका अर्थी बरंच झालं.

लाट ओसरली तरी दुकानदारी चालूच आहे. नाशिकचा द्राक्षबागायतदार कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ (पोटॅशियम नायट्रेट) आणि कॅल्शियम नायट्रेटच्या 25 किलोच्या बॅगा आणतो. होगलंडच्या द्रावणातले हेच प्रमुख क्षार. शहरात तेच पाण्यात कालवून ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत भरतात. दोन का, तर कॅल्शियम आणि सल्फेट दाट द्रावणात एकत्र आले की साका खाली बसतो. बाटलीवर ‘माती विसरा’ छापलेलं असतं आणि खोक्यात रविवारच्या कार्यशाळेचं पत्रक. कार्यशाळेची फी वेगळी.