आवर्ती दाबाखाली काँक्रीटला येणारा थकवा : सोलापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

काँक्रीटची गुणवत्ता ठरविण्यासाठी आपल्याकडे जी कसोटी सर्वमान्य आहे ती घनचाचणीची होय. १५० मिलिमीटर बाजूचा घन अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून दाबयंत्रात फोडला जातो. भारतीय मानक ५१६ नुसार भार दर मिनिटास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४० किलोग्रॅम या गतीने वाढवावयाचा असतो. त्यामुळे एम-३० प्रतीचा घन दोन-सव्वादोन मिनिटांत फुटतो. या एका भारणातून मिळालेल्या आकड्यावर कंत्राटदाराचे देयक, अभियंत्याचा अहवाल आणि पुढील पन्नास वर्षांचा भरवसा असे सर्व काही अवलंबून असते.

प्रत्यक्षात मात्र काँक्रीटवर असा एकच भार क्वचितच येतो. पुलावरून वाहन जाते, प्रतिबल वाढते व उतरते. पाठोपाठ दुसरे वाहन येते. एकदाच दिल्यास सहज पेलता येणारा भार लाखो वेळा दिला असता त्याच भाराने काँक्रीट निकामी होऊ शकते. या घटनेस अभियांत्रिकीत थकवा किंवा श्रांती असे म्हणतात. प्रस्तुत लेखात दाबाच्या आवर्ती भारणाने काँक्रीटमध्ये होणाऱ्या हानीचे स्वरूप स्पष्ट करून सोलापूर परिसरातील कोणत्या बांधकामांत ती विचारात घेणे आवश्यक आहे व कोणत्या बांधकामांत तिचा उगाच बाऊ केला जातो, याचा विचार केला आहे. अभियांत्रिकीबाहेरील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक वाटतो : एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या अंतर्गत बलास येथे ‘प्रतिबल’, तर त्यामुळे लांबीत होणाऱ्या सापेक्ष बदलास ‘विकृती’ म्हटले आहे. ‘ताण’ हा शब्द केवळ ओढीच्या अर्थाने वापरला आहे.

संकल्पनेचा इतिहास

थकव्याचा पद्धतशीर अभ्यास प्रथम धातूंच्या बाबतीत झाला. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून प्रतिबल आणि आवर्तनसंख्या यांचा संबंध दाखविला. काँक्रीटच्या बाबतीत अमेरिकेतील व्हॅन ऑर्नम यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दाबाखालील नमुन्यांवर केलेले प्रयोग आद्य मानले जातात. स्थिर सामर्थ्याच्या निम्म्याहून थोडे अधिक प्रतिबल काही हजार वेळा दिले असता नमुने फुटतात, असे त्यांना आढळले. पुढे १९७० च्या दशकात उत्तर समुद्रातील काँक्रीटचे तेलमंच लाटांचा मारा किती काळ सोसतील, या प्रश्नामुळे नॉर्वेसारख्या देशांत या संशोधनास वेग आला.

पोलाद व काँक्रीट यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पोलादाच्या बाबतीत विशिष्ट प्रतिबलाच्या खाली कितीही आवर्तने झाली तरी चालतात, अशी एक सीमा साधारणतः दाखविता येते. काँक्रीटमध्ये अशी स्पष्ट सीमा प्रयोगांतून आढळलेली नाही. म्हणून काँक्रीटचे थकवा-सामर्थ्य सांगताना ‘इतक्या लाख आवर्तनांसाठी’ ही पुस्ती जोडावी लागते. तिच्याशिवाय दिलेला आकडा अर्थहीन ठरतो.

काँक्रीटच्या अंतरंगातील घडामोडी

सोलापूरच्या काँक्रीटमधील खडी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची असते. हा दगड सिमेंटच्या लगद्यापेक्षा पुष्कळच बळकट असतो. काँक्रीटचा कच्चा दुवा असतो तो खडी आणि लगदा यांच्या सांध्यावरील अत्यंत पातळ थरात. मिश्रण ताजे असताना खडीच्या पृष्ठभागालगत पाणी अधिक साचते, त्यामुळे तेथील लगदा सच्छिद्र राहतो. आकुंचनामुळे या थरात भार येण्यापूर्वीच सूक्ष्म भेगा असतात. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आणि पाण्याची नेहमीच ओढ असणाऱ्या या जिल्ह्यात काँक्रीटला पुरेसे पाणी मारले गेले नाही, तर या थराची स्थिती आणखी बिघडते.

एकदिश दाबाखाली स्थिर सामर्थ्याच्या सुमारे तीस टक्क्यांपर्यंत या भेगा जवळजवळ जागच्या जागी राहतात. त्यापुढे सांध्यांवरील भेगा वाढू लागतात आणि सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास त्या लगद्यात शिरून एकमेकींना मिळतात. दाब उभा असला तरी भेगा त्याला समांतर, उभ्या दिशेनेच उघडतात. कारण दाबला जाणारा पदार्थ आडवा फुगू पाहतो आणि काँक्रीटला हा आडवा ताण सोसत नाही. भार उतरविल्यावर भेगा पूर्णतः मिटत नाहीत. सुटलेला कण फटीत अडकतो, घर्षणाने कडा झिजतात आणि पुढील आवर्तनात भेग मागच्यापेक्षा केसभर पुढे सरकते.

या प्रक्रियेचे मोजमाप विकृतीवरून करता येते. आवर्तनसंख्येसमोर कमाल विकृती मांडली असता तीन टप्पे दिसतात. आयुष्याच्या पहिल्या सुमारे दहा टक्के काळात विकृती झपाट्याने वाढते. त्यानंतर साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत ती संथ, जवळजवळ सरळ रेषेत वाढत राहते. शेवटच्या टप्प्यात ती पुन्हा वेग घेते आणि नमुना फुटतो. यांपैकी मधला टप्पा सर्वांत बोलका आहे. त्यातील विकृतीवाढीचा दर आणि एकूण आयुष्य यांचा अतिशय घट्ट संबंध असल्याचे स्पार्क्स व मेंझिस यांनी १९७३ मध्ये दाखविले. दर जितका अधिक तितके आयुष्य कमी. म्हणजेच नमुना न फोडताही त्याच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधता येतो.

आवर्तनांचे गणित

आस-याकोबसेन यांनी १९७० मध्ये सुचविलेला आणि टेपफर्स व कुट्टी यांनी १९७९ मध्ये सुधारलेला संबंध शब्दांत असा मांडता येईल : कमाल प्रतिबलाचे स्थिर सामर्थ्याशी असलेले गुणोत्तर = १ − ०.०६८५ × (१ − किमान व कमाल प्रतिबलांचे गुणोत्तर) × आवर्तनसंख्येचा दशमान लॉगरिथम.

सूत्र साधे दिसले तरी त्यातील लॉगरिथमचे परिणाम मोठे आहेत. किमान प्रतिबल कमाल प्रतिबलाच्या एक-दशांश आहे असे धरू. कमाल प्रतिबल स्थिर सामर्थ्याच्या ७० टक्के असल्यास सुमारे ७३ हजार आवर्तने मिळतात. ६० टक्के असल्यास सुमारे ३१ लाख. ५० टक्के असल्यास सुमारे १३ कोटी. प्रतिबल दहा टक्क्यांच्या पायरीने वाढले की आयुष्य प्रत्येक वेळी सुमारे बेचाळीस पटींनी घटते. ‘थोडा जास्त भार झाला तर काय बिघडते’ या नित्याच्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे.

किमान प्रतिबलाचे महत्त्वही दुर्लक्षून चालत नाही. कमाल प्रतिबल ७० टक्केच ठेवून किमान प्रतिबल त्याच्या निम्म्यावर आणले, तर आवर्तने ७३ हजारांवरून सुमारे ५७ कोटींवर जातात. कायम दाबलेल्या काँक्रीटपेक्षा दाब येऊन पूर्ण सुटणारे काँक्रीट लवकर थकते. अर्थात अशा चाचण्यांतील विखुरणे फार मोठे असते. एकाच मिश्रणाच्या, एकाच दिवशी भरलेल्या नमुन्यांची आयुष्ये दहापटींनी भिन्न येऊ शकतात. त्यामुळे हे आकडे क्रमश्रेणी दाखविणारे मानावेत.

सोलापूर परिसरातील उदाहरणे

सोलापूर हे यंत्रमागांचे शहर आहे. शहराच्या पूर्व भागातील कारखान्यांत मागाच्या पायांखालील जमिनीला तडे गेले की ‘कंपनाने काँक्रीट थकले’ असे सहज म्हटले जाते. हे विधान तपासून पाहता येते. समजा, माग मिनिटाला ११० वेळा धोटा फेकतो आणि दिवसाला दहा तास चालतो. वर्षात ३०० दिवस धरल्यास सुमारे दोन कोटी आवर्तने होतात. संख्या छाती दडपविणारी आहे. परंतु एक टनाचा माग चार पायांवर असून प्रत्येक पायाखाली दहा सेंटिमीटर बाजूची चौरस बैठक आहे असे धरले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला अवघा अडीच किलोग्रॅम भरतो. एम-२० काँक्रीटच्या सामर्थ्याच्या तुलनेत हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आहे. धक्क्यामुळे ते तिप्पट झाले तरी दाबाचा थकवा येथे संभवत नाही. तड्यांचे कारण जमिनीखालील काळ्या मातीचे फुगणे-आकसणे, पातळ कोबा किंवा वाकण्यातून येणारा ताण यांत शोधावे लागेल.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील एनटीपीसीच्या औष्णिक वीजकेंद्राचे उदाहरण याच दिशेचे, पण अधिक टोकाचे आहे. तेथील ६६० मेगावॉटचे दोन संच अनुक्रमे २०१७ व २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर कार्यान्वित झाले. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या जनित्रामुळे पायावर दिवसाला ४३ लाखांहून अधिक आवर्तने होतात. तथापि तेथे प्रतिबलातील चढउतार इतका अल्प ठेवलेला असतो, की संकल्पनात मुख्य चिंता अनुनादाची असते.

मोठ्या गाळ्यांच्या काँक्रीट पुलांतही दाबाचा थकवा सहसा निर्णायक नसतो. अशा पुलाचे स्वतःचे वजन वाहनांच्या भारापेक्षा बरेच अधिक असते. त्यामुळे किमान व कमाल प्रतिबलांचे गुणोत्तर मोठे राहते. शिवाय आयआरसी ११२ या संहितेने विरळ भारसंयोगातही काँक्रीटमधील दाब वैशिष्ट्यपूर्ण सामर्थ्याच्या ०.४८ पटींपुरता मर्यादित केला आहे. चिंता असते ती पातळ पुलफलकांची. त्यांचे स्ववजन कमी असते आणि चाकाचा भार थेट त्यांच्यावर येऊन पूर्ण सुटतो. पवनचक्कीच्या पायातील, मनोऱ्याच्या तळकड्याखालचे काँक्रीटही याच वर्गात मोडते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर अशा पायांची रांगच पाहावयास मिळते.

काँक्रीटचा रस्ता आणि उसाची वाहतूक

सोलापूर जिल्ह्यात खरा प्रश्न रस्त्यांचा आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत त्याची गणना होते आणि गळीत हंगामात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या व मालमोटारी दिवसरात्र धावतात. काँक्रीटच्या फरसाच्या पट्टीवर चाक आले की ती वाकते. वरच्या बाजूस दाब आणि खालच्या बाजूस ताण निर्माण होतो. काँक्रीट ताणात दुर्बल असल्याने तळाची बाजू आधी थकते. येथील थकवा वाकण्यातला असला तरी सूक्ष्म भेगांच्या वाढीची यंत्रणा तीच आहे.

आयआरसी ५८ या संहितेत यासाठी दिलेले संबंध वापरल्यास, वाकण्यातील प्रतिबल काँक्रीटच्या वाकण्याच्या सामर्थ्याच्या निम्मे असताना सुमारे ७.६ लाख आवर्तने मिळतात. ५५ टक्के असताना १.२४ लाख, ६० टक्के असताना केवळ ३१ हजार. ४५ टक्क्यांखाली ही संहिता आवर्तने अमर्याद मानते. ती व्यवहाराची सोय आहे, पदार्थाचा गुणधर्म नव्हे.

केंद्र शासनाने २०१८ मध्ये चार चाकांच्या एकेरी आसावरील अनुज्ञेय भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. वाढ जेमतेम १३ टक्क्यांची आहे. प्रतिबल भाराच्या प्रमाणात वाढते आणि तापमानाचा वाटा तूर्त बाजूस ठेवला, तर ज्या पट्टीत जुन्या भाराने ५० टक्के प्रतिबल येत होते तिच्यात नव्या भाराने ५६ टक्के येते आणि आयुष्य ७.६ लाखांवरून सुमारे ८५ हजार आवर्तनांवर, म्हणजे नवव्या हिश्श्यावर येते. हा कायदेशीर भाराचा हिशोब झाला. त्याहून अधिक ऊस लादलेल्या वाहनाचा हिशोब वाचकांना स्वतः करता येईल. डांबरी रस्त्यांसाठी प्रचलित असलेला भाराच्या चौथ्या घाताचा नियम येथे लावणे म्हणजे नुकसान कमी लेखणे होय.

संचित हानी आणि तिची तपासणी

रस्त्यावर सर्व वाहने सारख्या वजनाची नसतात. म्हणून पामग्रेन व मायनर यांचा नियम वापरतात : प्रत्येक भारगटाची प्रत्यक्ष आवर्तने भागिले त्या गटाची अनुज्ञेय आवर्तने, यांची बेरीज एक झाली की आयुष्य संपले. भारांच्या क्रमाकडे हा नियम पाहत नाही, ही त्याची मोठी उणीव होय. प्रेस्ट्रेस्ड काँक्रीटवरील पाठ्यपुस्तकामुळे भारतीय प्राध्यापकांस परिचित असलेले एन. कृष्णा राजू यांनी ई. डब्ल्यू. बेनेट यांच्यासमवेत १९६० च्या दशकाअखेर साध्या काँक्रीटमधील दाबाच्या संचित हानीचा अभ्यास केला होता. अशा अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली, की मायनरची बेरीज प्रत्यक्षात एकाहून बरीच कमी किंवा अधिकही असू शकते. भारणांमधील विश्रांतीचाही परिणाम होतो. हिल्सडॉर्फ व केसलर यांच्या १९६६ मधील प्रयोगांत काही मिनिटांच्या विश्रांतीने नमुन्यांचे आयुष्य वाढल्याचे दिसले. कारखान्याच्या फाटकाबाहेर भरलेल्या गाड्यांची रात्रभर रांग लागते, तेथील पट्टीला अशी विश्रांती मिळत नाही.

तपासणीची अडचण मधल्या टप्प्यात आहे. या काळात काँक्रीटचे स्थिर सामर्थ्य फारसे घटत नाही. जुन्या पट्टीतून काढलेला गाभा दाबयंत्रात समाधानकारक आकडा देतो आणि अहवालात ‘काँक्रीट सुस्थितीत’ असा शेरा येतो. प्रत्यक्षात आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडलेला असू शकतो. हानी अधिक लवकर दिसते ती प्रत्यास्थता गुणांकातील घटीत आणि कायम राहणाऱ्या विकृतीत. श्राव्यातीत स्पंदवेगाची चाचणी एकदाच घेण्यापेक्षा त्याच बिंदूवर दरवर्षी हंगामापूर्वी व हंगामानंतर घेतल्यास ती अधिक उपयोगी ठरेल.

थकव्याची पूर्ण चाचणी प्रत्येक महाविद्यालयाच्या आवाक्यातील नाही. सेकंदाला पाच आवर्तनांच्या गतीने वीस लाख आवर्तनांस साडेचार दिवसांहून अधिक काळ अखंड वीज आणि संगणकनियंत्रित द्रवचालित यंत्र लागते. मात्र भाराची माहिती मिळविणे तितके अवघड नाही. प्रत्येक साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या प्रत्येक वाहनाचे भरलेले व रिकामे वजन दिनांक-वेळेसह नोंदले जाते. शेतकऱ्याच्या देयकासाठी ठेवलेली ही नोंद म्हणजे त्या कारखान्याकडे येणाऱ्या रस्त्याची भारमालिकाच होय. तीत वजनाची आसानुसार विभागणी नसते. ती काही निवडक वाहने चाकवजनी तक्त्यावर घेऊन ठरवावी लागेल. तसेच वाहने येताना भरलेली व जाताना रिकामी असल्याने रस्त्याच्या दोन्ही मार्गिकांची संचित हानी स्वतंत्रपणे मोजावी लागेल. एकाच वयाच्या, एकाच मिश्रणाच्या या दोन मार्गिकांतील स्पंदवेगाचा फरक हंगामागून हंगाम नोंदविणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यास दोन वर्षांत पेलेल असे काम आहे.